बादलीतलं मीठ आणि कांगावरचं नाव

टांझानियातल्या दार-ए-सलामच्या एका चौकात पहिल्या महायुद्धातल्या आफ्रिकी सैनिकाचा कांस्यपुतळा आहे, 1927 सालचा. खाली इंग्रजी, अरबी आणि स्वाहिलीत मजकूर. स्मारक म्हणजे धातू नाहीतर दगड, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण त्या किनाऱ्यावरच्या बायका आठवणी चक्क नेसतात. त्या सुती वस्त्राचं नाव कांगा. चारी बाजूंनी काठ, मधल्या भागाला म्हणतात ‘म्जी’, म्हणजे गाव, आणि त्याखाली छापलेली एक ओळ, ‘जिना’, म्हणजे नाव. ओळ बहुधा म्हण असते, कधी चक्क टोमणा. 2008 साली ओबामा निवडून आल्यावर त्यांच्या अभिनंदनाचाही कांगा निघाला.

युद्धाचा धागा या कापडाच्या आधीपासून आहे. तिथे नेसायच्या साध्या कापडाला ‘मेरिकानी’ म्हणत, कारण ते अमेरिकेतून येई. 1861 ते 1865 च्या यादवीत ते आटलं. त्याच यादवीने मुंबईच्या कापूसवाल्यांचं उखळ पांढरं केलं.

आता माझा लाडका प्रश्न. शंभर धुण्यांनंतरही ते नाव वाचता येतं, ते कसं?

कापूस म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजची लांबलचक माळ. प्रत्येक मण्यावर तीन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. 1956 साली बाजारात आलेल्या रिॲक्टिव्ह रंगांच्या रेणूत ट्रायाझिनचं वलय, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजनच्या अणूंचं कडं असतं आणि त्यावर क्लोरीन. सोड्यामुळे हायड्रॉक्सिलमधला प्रोटॉन सुटतो, ऋणभारित ऑक्सिजन वलयातल्या कार्बनला धरतो, क्लोरीन बाहेर पडतो. रंग धाग्याला चिकटत नाही, धाग्याचाच भाग होतो.

गंमत खळीत आहे. छपाईचा रंग पसरू नये म्हणून तो दाट करावा लागतो. पण स्टार्च घातला तर? त्यावरही हायड्रॉक्सिल! रंग कापडाऐवजी खळीशीच लग्न लावतो आणि धुण्यात दोघंही वाहून जातात. म्हणून समुद्री शेवाळातलं अल्जिनेट वापरतात. हायड्रॉक्सिल त्यावरही आहेत, पण त्याचे ऋणभारित कार्बॉक्सिलेट गट तितक्याच ऋणभारित रंगाला लांब ठेवतात.

तरी थोडा रंग पाण्याशीच संयोग पावतो. तो कापडाशी कधीच जोडला जात नाही. कारखान्यात उकळत्या साबणाने तो काढायचा असतो. तिथे घाई झाली की घरच्या बादलीत पाणी लाल होतं.

मग कुणीतरी सांगतं, मूठभर मीठ टाका, रंग पक्का होतो. होत नाही. मिठाने सुटा रंग तेवढ्यापुरता धाग्याला धरून राहतो, पुढच्या धुण्यात परत सुटतो, आणि तोवर शेजारच्या पांढऱ्या शर्टाचं काम झालेलं असतं.