बारोन रोखो: माद्रिदच्या पत्र्याचा आवाज

हेवी मेटल म्हटलं की आपल्याला बर्मिंगहॅम आठवतं, लंडन आठवतं, फार तर जर्मनी. माद्रिद कुणाच्या मनातही येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. मग एका रात्री हेडफोनवर 'इन्कोमुनिकाथ्योन' हे गाणं लागलं आणि त्या एका शब्दाने मला धरून ठेवलं. अर्थ साधा आहे: संवाद तुटणं. पण शब्द सहा अक्षरांचा, शेवटी जोर असलेला. इंग्रजी मेटलमध्ये तुटक, एक-दोन अक्षरी शब्द गिटारच्या ठोक्यावर आपसूक बसतात. हा एवढा लांबलचक शब्द त्याच ठोक्यावर बसवायचा म्हणजे चालच वेगळी बांधावी लागते. ती या लोकांनी बांधली होती, तीही १९८२ साली.

बँडचं नाव बारोन रोखो, म्हणजे 'रेड बॅरन'. पहिल्या महायुद्धात लाल विमान उडवणारा जर्मन वैमानिक मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन याच्यावरून घेतलेलं. १९८० साली माद्रिदमध्ये चौघे एकत्र आले. कार्लोस आणि आर्मांदो दे कास्त्रो हे दोन सख्खे भाऊ गिटारवर. बासवर होसे लुईस काम्पुसानो, ज्याला सगळे 'शेर्पा' म्हणतात. ड्रम्सवर उरुग्वेहून आलेला एर्मेस कालाब्रिया. गायक म्हणून वेगळा माणूसच नाही. कार्लोस आणि शेर्पा दोघेही गात.

पण १९८० हे साल आकाशातून पडलं नव्हतं. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको २० नोव्हेंबर १९७५ रोजी वारला. १९३९पासूनची हुकूमशाही संपली आणि नवी राज्यघटना यायला १९७८चा डिसेंबर उजाडला. त्या दशकात माद्रिदच्या वायेकास, काराबांचेल अशा कामगार वस्त्यांत एक पिढी वाढत होती. गावाकडून शहरात आलेल्या मजुरांची ही मुलं. हाताला काम नाही, करमणुकीला जागा नाही. त्यांच्या रॉकला तिकडे 'रोक उर्बानो', शहरी रॉक, असं नाव पडलं. लेन्यो, आस्फाल्तो, टोपो हे त्यातले बिनीचे बँड. विसेंते रोमेरो या रेडिओ निवेदकाने, ज्याला 'मारिस्काल' म्हणजे सेनापती म्हणत, साफिरो कंपनीच्या छत्राखाली 'चापा' नावाचं लेबल चालवलं आणि या मुलांना रेकॉर्ड करायला जागा दिली. चापा म्हणजे धातूचा पत्रा. यापेक्षा नेमकं नाव सापडलं नसतं.

दे कास्त्रो बंधू आधी 'कोज' नावाच्या बँडमध्ये होते. तिथला सूर त्यांना फार गुळगुळीत वाटू लागला, म्हणून ते बाहेर पडले. मागे राहिलेल्या 'कोज'ने १९८१ साली 'लास चिकास सोन ग्वेरेरास' हे तुफान गाजलेलं गाणं दिलं. म्हणजे भावांनी चालती गाडी सोडली होती. मला त्यांच्याबद्दल पहिला आदर वाटला तो इथे.

पहिला अल्बम 'लार्गा बिदा आल रोक अँड रोल' १९८१चा. त्याच वर्षी २३ फेब्रुवारीला सशस्त्र सिव्हिल गार्ड, म्हणजे स्पेनचे निमलष्करी पोलीस, संसदेत घुसले होते. बंड एका रात्रीत फसलं, पण लोकशाही किती कोवळी आहे हे सगळ्या देशाने पाहिलं. त्या काळातल्या श्रोत्याला मोठ्या आवाजात, स्वतःच्या भाषेत ओरडणं म्हणजे काय वाटत असेल, याचा अंदाज त्या रेकॉर्डवरून येतो.

मग लंडन. दुसरा अल्बम 'वोलुमेन ब्रुताल' त्यांनी डीप पर्पलचा गायक इयन गिलन याच्या किंग्जवे स्टुडिओत रेकॉर्ड केला. गिलनच्या बँडचा कीबोर्डवादक कॉलिन टाउन्स आणि किंग क्रिमसनमधला सॅक्सोफोनवादक मेल कॉलिन्स हे त्यावर पाहुणे आहेत. अल्बमची इंग्रजी आवृत्तीही निघाली आणि ऑगस्ट १९८२मध्ये बँड इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या रॉक फेस्टिव्हलच्या मंचावर उभा राहिला. त्या अल्बमवरच्या एका गाण्याचं नावच 'बॅरन इंग्लंडवरून उडतो' असं आहे. स्वप्न किती उघड होतं पाहा.

शब्दांची या मंडळींना मनापासून ओढ होती. बऱ्याच गाण्यांचे बोल शेर्पाची पत्नी कारोलिना कोर्तेस यांनी लिहिले. पुरुषांचीच मक्तेदारी मानलेल्या या संगीतात ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला हवी. फ्रेंच कवी बोदलेअरची 'दुष्टाव्याची फुलं' बँडच्या एका गाण्याच्या शीर्षकात येतात. १९८३च्या अल्बमचं नाव 'मेतालमोर्फोसिस', रूपांतर आणि मेटल एकाच शब्दात. त्यावर हिरोशिमावरचं गाणं आहे. १९८५चा अल्बम 'एन उन लुगार दे ला मार्चा': स्पेनमधलं शाळकरी पोरही यात सर्व्हान्तेसच्या 'डॉन किहोते' या कादंबरीचं पहिलं वाक्य ओळखतं, फक्त 'मांचा' या प्रदेशाच्या जागी 'मार्चा', म्हणजे रात्रीची धमाल. ही कोटी भाषांतरात मरते. बँडचं मोठेपण आणि बँडचं अपरिचित राहणं, दोन्ही मला याच जागी दिसतात.

देशातही वाट सोपी नव्हती. ऐंशीच्या दशकातलं माद्रिद म्हटलं की लोकांना 'मोविदा' आठवते: रंगीत केस, न्यू वेव्ह पॉप, अल्मोदोवारचे चित्रपट. वृत्तपत्रांचं आणि दूरचित्रवाणीचं कौतुक तिकडे वळलं. वस्त्यांतल्या चामड्याच्या जाकिटांकडे कमी पाहिलं गेलं. गर्दी मात्र होती. फेब्रुवारी १९८४मध्ये रेआल माद्रिदच्या क्रीडा संकुलात रेकॉर्ड केलेला 'बारोन आल रोखो बीबो' हा दुहेरी लाइव्ह अल्बम ऐका. हजारो गळे एकाच वेळी तेच शब्द म्हणतात.

पुढचं थोडक्यात. १९८९च्या 'ओब्स्तिनातो'नंतर शेर्पा आणि एर्मेस बाहेर पडले. भावांनी नाव आणि गाडी दोन्ही चालू ठेवली. तिसाव्या वर्षाच्या निमित्ताने मूळ चौघे पुन्हा एका मंचावर आले आणि २०१२ साली त्यांच्यावर माहितीपटही आला. दरम्यान 'रेसिस्तिरे', म्हणजे 'मी टिकून राहीन', हे त्यांचं १९८२चं गाणं एका योगायोगात अडकलं. त्याच नावाचं दुओ दिनामिको या पॉप जोडीचं १९८८चं गाणं करोनाच्या टाळेबंदीत स्पेनच्या गॅलऱ्यांतून घुमलं आणि शोध घेताना आता तेच आधी पुढे येतं. बारोन रोखोचं गाणं वेगळं आहे, आणि ते आधीचं आहे.

नव्याने ऐकणाऱ्याला मी 'वोलुमेन ब्रुताल'च्या दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ लावायला सांगतो. इंग्रजीत तेच वादक, त्याच चाली, तोच स्टुडिओ. तरी गळा जपून पाऊल टाकतो. मग स्पॅनिश लावा. 'रोखो'मधला 'र' जिभेवर थरथरतो, 'ख' घशातून खरवडून निघतो, आणि गिटार कुठे थांबते नि माणूस कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही.