हाय हाय म्हणजे हसू

12 डिसेंबर 1961 रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून एक रॉकेट उडालं. त्याचं मुख्य काम अमेरिकी हवाई दलाचा उपग्रह वर नेण्याचं होतं. रॉकेटचा तोल साधायला एरवी जिथे नुसतं ओझं बसवत, तिथे या खेपेला साडेचार किलोची एक पेटी बसवली होती. रेडिओच्या छंदाने झपाटलेल्या काही जणांनी ती फावल्या वेळात, स्वतःच्या हाताने जुळवली होती. तिचं नाव ऑस्कर-1. हौशी माणसांनी बनवलेला हा पहिला उपग्रह. आत एक बॅटरी, एक इवलासा प्रक्षेपक आणि पाठवायला एकच शब्द. मोर्सच्या लिपीत चार ठिपके, मग दोन ठिपके: एच, आय. ‘हाय’.

साधारण तीन आठवडे ती पेटी पृथ्वीभोवती फिरत एवढंच बोलत राहिली. आतल्या तापमानाप्रमाणे शब्दाची गती कमी-जास्त होई, त्यामुळे नुसत्या घड्याळाने ती गती मोजून पेटी किती तापली आहे हेही कळे. 28 देशांतल्या हौशी श्रोत्यांनी ती ऐकून नोंदी पाठवल्या.

बाहेरच्या माणसाने हे वाचलं तर त्याला वाटेल, उपग्रहाने नमस्कार केला. नमस्कार तो होताच. पण हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे ‘हॅम’ मंडळींच्या कानाला त्यात आणखी काही ऐकू येत होतं. त्यांच्या बोलीत ‘हाय हाय’ म्हणजे हसणं. डि-डि-डि-डिट डि-डिट, डि-डि-डि-डिट डि-डिट. टेबलावर बोटाने भराभर वाजवून पाहा. खुदखुदण्याचा ठेका सापडतो. मराठीत ‘हाय हाय’ म्हटलं की आपण कपाळाला हात लावतो. त्यांच्याकडे नेमकं उलट.

छंद कोणताही घ्या, त्यात रमलेल्या लोकांचे असे आतले विनोद असतात. पक्षी पाहणारे इंग्रज कुठल्याही ओळखू न येणाऱ्या बारक्या तपकिरी पक्ष्याला ‘एलबीजे’ (‘लिटल ब्राउन जॉब’) म्हणून मोकळे होतात. अळंबी शोधणाऱ्यांकडे त्याच अर्थाचं ‘एलबीएम’ आहे. तेच बारकं, तेच तपकिरी, फक्त पक्ष्याच्या जागी अळंबी. यातलं एकही वाक्य बाहेरच्या माणसाला हसवत नाही. तरी आतली माणसं वर्षानुवर्षं त्यालाच हसतात. हे होतं कसं? मला हा प्रश्न वरवर दिसतो त्यापेक्षा फार मोलाचा वाटतो, कारण दोन माणसं एकमेकांना समजतात म्हणजे काय होतं, याचं उत्तर त्यात दडलेलं आहे.

1986 मध्ये हर्बर्ट क्लार्क आणि डियाना विल्क्स-गिब्स या अभ्यासकांनी एक साधा पण फार सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. दोन माणसं समोरासमोर, मध्ये पडदा. दोघांपुढे त्याच 12 आकृत्या. सात तुकड्यांच्या चिनी कोड्यातून तयार होतात तशा, धड माणूस नाही धड पक्षी नाही अशा. एकाने आपल्या आकृत्यांचा क्रम सांगायचा, दुसऱ्याने ऐकून आपल्याकडच्या तशाच लावायच्या. मग पुन्हा नवा क्रम, पुन्हा तेच काम. अशा सहा फेऱ्या.

पहिल्या फेरीत एका आकृतीसाठी सरासरी 41 शब्द लागत. सहाव्या फेरीत 8. एका जोडीने एका आकृतीचं वर्णन सुरू केलं ते असं: बर्फावर घसरणाऱ्या माणसासारखी दिसते, पण त्याने दोन्ही हात पुढे काढलेत. पुढच्या फेऱ्यांत हात गळाले, ‘सारखी’ गळालं, ‘दिसते’ही गळालं. शेवटी उरला फक्त ‘बर्फावर घसरणारा’. आकृतीत बर्फ नव्हता, घसरणंही नव्हतं. पण त्या दोघांना आता दुसरं काही सांगायची गरजच राहिली नव्हती.

आतला विनोद असाच तयार होतो, असं मी मानतो. एकदा कधीतरी 41 शब्दांचा प्रसंग घडलेला असतो. कोणाची तरी फजिती, एखादी गमतीदार चूक, रात्रभर चाललेला वाद. पुढच्या वेळी त्यातले निम्मे शब्द पुरतात. मग एकच. आणि त्या एका शब्दावर सगळे हसतात तेव्हा त्या शब्दाला हसत नसतात, गळून गेलेल्या चाळीस शब्दांच्या आठवणीने हसत असतात.

याच प्रयोगाचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 1989 मध्ये मायकेल शोबर आणि क्लार्क यांनी तिसऱ्या माणसाला बसवलं. त्याने पहिल्या फेरीपासून प्रत्येक शब्द ऐकायचा आणि आपल्यापुढच्या आकृत्या लावायच्या, पण बोलायचं नाही. त्याच्या कानावर तेच शब्द, त्याच क्रमाने पडले. तरी तो प्रत्यक्ष बोलणाऱ्या जोडीदारापेक्षा जास्त चुकला. कारण जोडीदार मध्येच ‘कोणती, ती कुबड्यासारखी?’ असं विचारू शकत होता, ‘हां, आलं लक्षात’ म्हणू शकत होता. तिसऱ्याला ती सोय नव्हती. समजणं हे ऐकण्यापेक्षा विचारण्यात, होकार देण्यात, एकमेकांना अडवण्यात जास्त घडत होतं. आतला विनोद समजावून सांगितला की तो का मरतो, याचं उत्तर मला इथे सापडतं. अर्थ पोचतो, सहभाग पोचवता येत नाही.

आता हॅम मंडळींच्या एका फार जुन्या विनोदाकडे येतो, कारण तो शंभर वर्षांहून जास्त काळ टिकला आहे आणि त्याची जन्मकथा नीट नोंदलेली आहे.

अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांची संघटना, एआरआरएल, 1914 मध्ये स्थापन झाली. पुढच्याच वर्षी तिचं ‘क्यूएसटी’ हे मासिक सुरू झालं. त्या काळी आकाशवाटेवर नुसती झुंबड असे. कोण कोणावर बोलतोय पत्ता लागत नसे. ‘म्हातारबा’ अशा अर्थाच्या टोपणनावाने कोणीतरी क्यूएसटीत करवादून लेख लिहू लागला. सगळं कसं सडलंय, लोक कसे बेशिस्त आहेत, याचं रसभरीत वर्णन. 1917 च्या अशाच एका लेखात त्याने लिहिलं की त्या गोंगाटात आपल्याला कोणाच्या तरी संदेशात ‘वूफ हाँग’ असा शब्द ऐकू आला. म्हणजे काय, ते सांगितलं नाही. संदर्भावरून एवढंच कळे की ते शिक्षेचं एक भयंकर हत्यार आहे आणि बेशिस्त रेडिओवाल्यावर चालवायचं असतं.

त्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली आणि हौशी केंद्रं बंद करायचा हुकूम निघाला. शब्द तसाच लोंबकळत राहिला. युद्ध संपल्यावर, 1919 मध्ये, म्हातारबाने संघटनेकडे वूफ हाँगचा अस्सल नमुना पाठवून दिला: लाकडाचे वेडेवाकडे तुकडे, तारेने एकत्र आवळलेले. मासिकात त्याचं चित्र छापून आलं. कनेक्टिकट राज्यात न्यूइंग्टन इथे असलेल्या संघटनेच्या मुख्यालयात तो सन्मानाने मांडून ठेवला आहे. पुढे त्याच्या नावाने एक ‘राजेशाही मंडळ’ही निघालं आणि संमेलनांत मध्यरात्री नवख्यांना त्यात गंभीर चेहऱ्याने दीक्षा देण्याची प्रथा पडली.

म्हातारबा कोण, हे वाचकांना उघडपणे कळलं ते 1936 मध्ये, तो वारल्यावर. तो होता हायरम पर्सी मॅक्सिम, संघटनेचा संस्थापक अध्यक्ष. बंदुकीचा आवाज दाबणारं सायलेन्सर बाजारात आणणारा संशोधक हाच. गोंगाट गप्प करण्याची दोन साधनं एकाच माणसाने जगाला दिली, एक खरं आणि एक कल्पनेतलं. दुसरं पहिल्याइतकंच कामाचं होतं, असं मला अगदी मनापासून वाटतं. अध्यक्षाच्या नावाने शिस्तीचं परिपत्रक निघालं असतं तर ते किती जणांनी वाचलं असतं? वूफ हाँगच्या धाकाने मात्र माणूस हसता हसता वळणावर येत असे, आणि ज्याला टोला बसला तोही हसणाऱ्यांतच राही.

गॅरी अॅलन फाइन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने लहान मुलांच्या बेसबॉल संघांत बसून अशा गोष्टींचा अभ्यास केला आणि 1979 मध्ये मांडणी केली की प्रत्येक छोट्या गटाची स्वतःची एक चिमुकली संस्कृती असते. पुढे त्याने अळंबी शोधणाऱ्या हौशी लोकांतही बराच काळ काढला. एखादी गंमत गटात कधी रुजते याच्या त्याने पाच अटी सांगितल्या. तिचं मूळ गटातल्यांना माहीत हवं. ती चारचौघांत उच्चारता यायला हवी. तिचा गटाला काही उपयोग हवा. गटातल्या मानाच्या उतरंडीला ती झेपायला हवी. आणि तिला चेतवणारं काहीतरी घडायला हवं. शेवटची अट मला सर्वांत पटते. गोंगाट रोजच होता, म्हणून वूफ हाँग रोज आठवत राहिला.

उतरंडीची अट कशी चालते हे ‘हॅम’ या शब्दातच दिसतं. पगारी तारमास्तर एकेकाळी कच्च्या हाताच्या माणसाला तुच्छतेने ‘हॅम’ म्हणत. हौशी लोकांनी तो शब्द उचलला आणि छातीवर लावला. आज त्यांच्यातल्या बेशिस्त माणसाला ते हॅम म्हणत नाहीत, ‘लिड’ म्हणतात.

‘हाय हाय’चं मूळही असंच गरजेत आहे. मोर्सच्या कळीवर हसता येत नाही आणि समोरच्याचा चेहरा दिसत नाही. थट्टा केली हे कळवायला काहीतरी खूण हवीच होती. पण पुढे आवाज पाठवता येऊ लागला तरी कित्येक हॅम माइकवर चक्क ‘हाय हाय’ असं उच्चारतात. हसता येत असताना हसण्याचं नाव कशाला घ्यायचं? रॉबर्ट प्रोव्हाइन या मेंदूशास्त्रज्ञाने माणसांच्या रोजच्या बोलण्यातले 1,200 हसण्याचे प्रसंग टिपले होते. हसण्याआधीचं वाक्य विनोदी म्हणावं असं 20 टक्क्यांहूनही कमी वेळा निघालं. बाकी वेळा लोक ‘बरंय, भेटू मग’ अशा साध्या वाक्यांवर हसत होते. हसणं बरेचदा विनोदाला दिलेली दाद नसतंच. आपण एकाच बाजूचे आहोत, याची ती पोच असते. उच्चारलेलं ‘हाय हाय’ ही त्या पोचेची पोच. मोर्सच्या काळापासूनची ओळख आहे, हे ते सांगतं.

यात एक धोका आहे आणि तो झाकून ठेवू नये. संभाषण संपवताना हॅम ‘73’ म्हणतात, म्हणजे शुभेच्छा. हा आकडा 1850 च्या दशकातल्या तारमास्तरांच्या संक्षेपांतून आला. सुरुवातीला त्याचा अर्थ थेट ‘माझं प्रेम’ असा होता. मोर्समध्ये तो ऐकायला गोड आहे: डा-डा-डि-डि-डिट, डि-डि-डि-डा-डा. पुढून वाजवा, मागून वाजवा, तोच. नवखा माणूस इंग्रजी सवयीने त्याचं अनेकवचन करतो, आणि लगेच कोणीतरी जाणता त्याला टोकतो की 73 मध्ये ‘शुभेच्छा’ आधीच अनेकवचनी आहेत. दुरुस्ती बरोबर आहे. पण ती हसून करता येते आणि फणकाऱ्यानेही करता येते. दुसऱ्या प्रकाराने किती नवखे कायमचे गप्प झाले असतील, याची कुठे नोंद होत नाही. शुभेच्छा द्यायला आलेल्या माणसाला शुभेच्छेवरूनच हाकलायचं, याहून करंटेपणा मला माहीत नाही.

ज्या समाजात फणकारा आहे त्याच समाजाने त्यावरचा उताराही शोधला, याचं मला फार कौतुक आहे. नवख्याला शेजारी बसवून, त्याच्या चुका सोसत, त्याच्याकडून पहिलं संभाषण करवून घेणाऱ्या माणसाला हॅम ‘एल्मर’ म्हणतात. 1971 मध्ये क्यूएसटीच्या एका स्तंभात एल्मर नावाच्या एका खऱ्याखुऱ्या हॅमचं अशा मदतीबद्दल कौतुक आलं, आणि ते विशेषनाम पाहता पाहता सामान्यनाम झालं. ‘तुझा एल्मर कोण?’ असं हॅम एकमेकांना विचारतात, ‘तुझा गुरू कोण’ म्हणावं तसं. एल्मर काय करतो? तो शब्दांची यादी पाठ करून घेत नाही. पडद्याआडच्या मुक्या तिसऱ्या माणसाला तो बोलण्याची जागा देतो. ‘कोणती, ती कुबड्यासारखी?’ हे विचारण्याचा हक्क देतो. पुढच्या फेरीपासून तो माणूस आतला होतो.

हॅम मंडळींचा आणखी एक आतला शब्द आहे, त्यावर मात्र कोणी हसत नाही. संभाषण पूर्ण संपलं हे सांगायला मोर्समध्ये शेवटी एक खूण वाजवतात: डि-डि-डि-डा-डि-डा. कागदावर ती एस आणि के ही अक्षरं जोडून लिहितात. कोणी हॅम वारला की त्याच्या कॉल साइनपुढे, म्हणजे परवान्यासोबत मिळालेल्या ओळखीच्या अक्षर-आकड्यांपुढे, हीच दोन अक्षरं येतात. तेव्हा त्यांचा अर्थ लावला जातो ‘सायलेंट की’, म्हणजे शांत झालेली कळ. क्यूएसटीत या नावाची यादी छापून येते. तीत नाव, कॉल साइन आणि गाव एवढंच असतं. बाकीचे चाळीस शब्द वाचणाऱ्यांना ठाऊक असतात.