दख्खनचे माळरान : वनाच्छादन आणि भूवापरातील बदल

माळरान म्हणजे सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत पसरलेला गवताळ आणि विरळ झाडांचा प्रदेश. पुणे, सातारा, सांगली, अहिल्यानगर, सोलापूर, धाराशिव आणि बीड या जिल्ह्यांत तो विशेष दिसतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीहून अधिक पाऊस पडतो. तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या फलटण-बारामतीला जेमतेम 500 मिमी. खाली बसाल्टचा खडक, त्यावर वीतभर मुरमाड माती. अशा जमिनीत घनदाट जंगल उभे राहत नाही. तिथे पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी ही गवते वाढतात. मधूनमधून हिवर, बोर, खैर आणि तरवडाची झुडपे दिसतात.

या प्रदेशाबद्दल एक समज फार खोल रुजला आहे: इथे पूर्वी जंगल होते, माणसाने ते तोडले आणि मागे उजाड माळ उरला. काही ठिकाणी हे खरेही आहे. डोंगरउतारांवरची कोरडी पानगळीची जंगले कोळशासाठी आणि सरपणासाठी तुटली, तिथे आज नुसता बोडका उतार दिसतो. पण सगळा माळ असा घडलेला नाही. भारतीय उपखंडात उष्ण प्रदेशातील गवतांचा मोठा विस्तार सुमारे 80 ते 60 लाख वर्षांपूर्वी झाला, म्हणजे माणसाच्या हाती कुऱ्हाड येण्याच्या कितीतरी आधी. मूळचा माळ आणि उजाड झालेले रान यांतला फरक जवळ जाऊन पाहिला की कळतो. जुन्या माळावर बहुवर्षायू गवतांचे ठोंब असतात, जमिनीखाली कंद आणि खोल मुळे असतात. उन्हाळ्यात सगळे वाळून पिवळे पडले तरी पहिल्या पावसानंतर तेच ठोंब पुन्हा फुटतात. कुसळी गवताचे बी पाहावे. त्याच्या लांब कुसळाला ओलावा लागला की त्याचा पीळ सुटतो, वाळले की पुन्हा पीळ पडतो, आणि गिरमिट फिरावे तसे टोकदार बी मातीत शिरते. ही अशा कोरड्या, उघड्या जमिनीवर जगण्याची जुनी तयारी आहे.

माणसाच्या वावराचा इथला चांगला पुरावा इनामगावात मिळतो. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या या वस्तीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात केले. सुमारे इ.स.पू. 1600 ते 700 अशी तिची कालमर्यादा. सुरुवातीच्या शतकांत चौकोनी घरे, बार्लीची शेती, पुराचे पाणी वळवण्यासाठी पाट आणि बांध दिसतात. इ.स.पू. 1000 नंतर मात्र घरे लहान गोल झोपड्यांची होतात, शेती आखडते, शिकारीचा आणि जनावरांचा आधार वाढतो. उत्खननकर्ते म. के. ढवळीकर यांनी याचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी जोडला. लोणार सरोवराच्या तळगाळातही गेल्या काही हजार वर्षांतील दीर्घ अवर्षणांच्या खुणा सापडल्या आहेत. पाऊस कमी झाला की नांगर मागे सरतो आणि मेंढरू पुढे येते. या प्रदेशाचा भूवापर असा मागेपुढे होत आला आहे.

पुढे नदीकाठची काळी जमीन पिकाखाली आणि वरचा माळ चराईला अशी वाटणी स्थिरावली. राजवटींनी घोड्यांच्या वैरणीसाठी कुरणे राखली, गावांनी गायराने राखली. धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरत आणि पावसाळ्याच्या तोंडावर माळावर परतत. वाटेत शेतकरी आपल्या शेतात मेंढरे बसवून घेत, म्हणजे खत मिळे.

इंग्रजी अमदानीत ही घडी मोडू लागली. 1878 च्या वन कायद्याने राखीव वने आखली गेली, लाकूड देणारी जमीन मोलाची ठरली आणि बाकीची ‘पडीक’ या एका शब्दात मोजली गेली. त्या शब्दाने माळाचे जेवढे नुकसान केले तेवढे दुष्काळांनीही केले नसावे. दुसरीकडे पाणी आले: 1880 च्या दशकात नीरा डावा कालवा, 1926 मध्ये भंडारदरा धरण, 1980 मध्ये उजनी धरण. ज्या माळावर बाजरीही धड येत नसे तिथे ऊस उभा राहिला. हा बदल शेतकऱ्याच्या घरात पैसा घेऊन आला, हेही नोंदवलेच पाहिजे.

1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेतून पाझर तलाव, नालाबांध आणि वनीकरणाची कामे निघाली. गवताळ जमिनीवर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एकाच उंचीवरचे चर, खणून गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावली गेली. चर खणताना जुने ठोंब उपटले जातात आणि पुढे दाट सावलीत गवत विरळ होते. 2019 च्या पावसाळ्यात राज्याने 33 कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले. झाड लावणे म्हणजे जमीन सुधारणे, हे गृहीत त्यामागेही होतेच.

मोजणीची पद्धतही या समजाला हातभार लावते. भारतीय वन सर्वेक्षण 1987 पासून उपग्रहचित्रांच्या आधारे वनस्थितीचे अहवाल काढते. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांच्या छत्राची दाटी 10 टक्के भरली की ते वनाच्छादन धरले जाते, मग ती आमराई असो वा निलगिरीची लागवड. त्यामुळे माळावर निलगिरी वाढली की कागदावर वन वाढते. त्याखाली गेलेले गवत त्या आकड्यात दिसत नाही.

याची झळ सर्वांत जास्त माळढोकाला, माळावर राहणाऱ्या मोठ्या पक्ष्याला, बसली. 1979 मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात 8,496 चौ.किमी. क्षेत्र त्याच्यासाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्यात गावे, शहरे, शेते सगळेच आले, जमिनीचे व्यवहार अडले आणि लोकांचा रोष त्या पक्ष्यावर निघाला. 2012 मध्ये क्षेत्र सुमारे 1,222 चौ.किमी.वर आले. तोवर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचे माळढोक बोटांवर मोजण्याइतके उरले होते. काळविटांची स्थिती तुलनेने बरी. अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौ.किमी.चे असले तरी तिथे त्यांचे कळप टिकले. लांडगा, खोकड आणि तरस मात्र बहुतेक संरक्षित क्षेत्राबाहेरच्या माळावर, मेंढपाळांच्या वाड्यांच्या आसपासच जगतात. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामतीजवळचे शिर्सुफळ इथे अलीकडे वनखात्याने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, तेव्हा ‘पडीक’ म्हटलेली जमीन पाहायला लोक तिकीट काढून आले.

पण बाकीच्या माळावर भूखंड पडत आहेत, औद्योगिक वसाहती आणि सौर प्रकल्प उभे राहत आहेत. कोकणातून परतणाऱ्या कळपांना गेल्या वर्षी चरलेल्या रानाभोवती यंदा तारेचे कुंपण लागलेले दिसते, आणि मेंढके कळप वळवून डांबरी सडकेच्या कडेने पुढे नेतात.