नंदिवर्धन–वत्सगुल्म संबंध

वाकाटक घराण्याच्या दोन शाखांनी प्राचीन विदर्भात स्थापन केलेल्या दोन शेजारी राज्यांमधील राजकीय संबंध. थोरली शाखा आधी नंदिवर्धन (रामटेकजवळचे नगरधन, जि. नागपूर) व नंतर प्रवरपूर येथून, तर धाकटी शाखा वत्सगुल्म (वाशीम) येथून राज्य करीत होती. हा काळ साधारणतः इ.स. चौथ्या शतकाच्या दुसऱ्या चरणापासून पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा मानतात. दोन्ही राज्यांत तह झाल्याचा किंवा दूत गेल्याचा एकही थेट पुरावा उपलब्ध नाही. किंबहुना आजवर वाचल्या गेलेल्या लेखांत एक शाखा दुसरीचे नावही घेत नाही. त्यामुळे प्रस्तुत विषयाचे विवेचन वंशावळी, बिरुदे, विवाहसंबंध आणि दान दिलेल्या गावांची ठिकाणे यांवरून केलेल्या अनुमानांवर उभे आहे.

दोन शाखा होत्या हेच मुळी उशिरा कळले. वाशीमचा ताम्रपट 1939 मध्ये उजेडात येईपर्यंत अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेख थोरल्या शाखेचाच समजला जाई व त्यातील खंडित नावे त्या शाखेच्या राजांशी जुळवली जात. वाशीमच्या ताम्रपटात प्रवरसेन, त्याचा पुत्र सर्वसेन आणि नातू विंध्यशक्ती (दुसरा) असा क्रम स्पष्ट आला. त्यानंतर प्राच्यविद्यासंशोधक वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासून सर्वसेन व विंध्यसेन (म्हणजेच दुसरा विंध्यशक्ती) ही नावे निश्चित केली. या दुरुस्तीचा परिणाम केवळ वंशावळीपुरता राहिला नाही. कुंतलाच्या (दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक) राजाचा पराभव पूर्वी थोरल्या शाखेतील पहिल्या पृथिवीषेणाच्या नावे जमा होता, तो आता वत्सगुल्मच्या विंध्यसेनाचा ठरला. दोन्ही शाखांनी ही मोहीम मिळून केली असावी, असेही मत मांडले गेले. तथापि ते जुने वाचन आणि नवे वाचन यांचा मेळ घालण्याच्या गरजेतून आलेले दिसते, त्याला लेखांचा स्वतंत्र आधार नाही.

विभागणी सम्राट पहिल्या प्रवरसेनानंतर (सु. 270–330) झाली. पुराणांत प्रवीराचे, म्हणजे याच प्रवरसेनाचे, चार पुत्र राजे झाल्याचे म्हटले आहे. कोरीव लेखांनी मात्र दोनच शाखांना दुजोरा दिला आहे. थोरला पुत्र गौतमीपुत्र बापाच्या हयातीतच वारला असावा, कारण नंदिवर्धनच्या गादीवर त्याचा मुलगा पहिला रुद्रसेन आला. थोरल्या शाखेचे ताम्रपट रुद्रसेनाला भारशिव या नाग घराण्याचा नृपती भवनाग याचा दौहित्र म्हणून आवर्जून गौरवतात. पित्याकडील कूळ सम्राटाचे असताना आजोळाचा असा पुन्हापुन्हा उल्लेख का व्हावा, हा प्रश्न अभ्यासकांनी योग्यच विचारला आहे. चुलत्यांच्या विरोधात रुद्रसेनाला आजोळचे पाठबळ घ्यावे लागले असावे, हे उत्तर आज बहुतेकांना मान्य आहे. ते ग्राह्य मानले, तर दोन राज्यांच्या संबंधांचा आरंभच भाऊबंदकीच्या तणावातून झाला असे म्हणावे लागेल. विभागणीनंतर ‘सम्राट’ हे बिरुद कोणत्याही शाखेने धारण केले नाही. थोरल्या शाखेचे राजे ‘महाराज’ म्हणवतात. वाशीमच्या ताम्रपटात ‘धर्ममहाराज’ ही पदवी आहे. दोन्ही राज्यांच्या दप्तराची भाषाही एकसारखी नव्हती. नंदिवर्धनची दानपत्रे संस्कृतात आहेत, तर विंध्यशक्तीच्या सदतिसाव्या राजवर्षातील वाशीमच्या ताम्रपटाचा वंशावळीचा भाग संस्कृतात आणि दानाचा तपशील प्राकृतात आहे.

सीमेचा प्रश्न दानभूमींवरून काही अंशी सोडवता येतो. वाशीमच्या ताम्रपटातील गाव नांदीकटाच्या, म्हणजे नांदेडच्या परिसरातील असल्याने धाकट्या शाखेचा विस्तार दक्षिणेस गोदावरीपर्यंत आणि वायव्येस अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत मानला जातो. थोरल्या शाखेच्या दुसऱ्या प्रवरसेनाने आपल्या अठराव्या राजवर्षात भोजकट राज्यातील चर्मांक गावी, म्हणजे अचलपूरजवळच्या चम्मक येथे, 1000 ब्राह्मणांना 8000 भूमी (जमिनीचे एक माप) दान दिली. राजद्रोह न करणे ही त्या दानपत्रातील एक अट आहे. त्यावरून आजच्या अमरावती जिल्ह्याचा बराच भाग प्रवरपूरच्या सत्तेखाली होता हे निश्चित होते. अर्थात वर्धा नदीला या दोन राज्यांची सीमा समजण्याची प्रचलित कल्पना टिकत नाही. प्रवरपूर कोठे होते याविषयी मतभेद आहेत. मिराशींनी ते धाम नदीकाठचे पवनार ठरवले होते, परंतु मनसरच्या उत्खननात प्रवरेश्वराचे नाव असलेली मुद्रा मिळाल्यापासून मनसरचा पक्ष अधिक बळकट झाला आहे.

विवाहसंबंधांत दोन्ही शाखांची तोंडे दोन दिशांना होती. दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता थोरल्या शाखेतील दुसऱ्या रुद्रसेनाला दिली होती. पतीच्या निधनानंतर तिने मुलाच्या नावे कारभार पाहिला. तिच्या पुणे व रिद्धपूर ताम्रपटांचा प्रारंभ गुप्तांच्या वंशावळीने होतो, वत्सगुल्मच्या भाऊबंदांना मात्र त्यांत जागा नाही. पुढे त्याच शाखेतील नरेंद्रसेनाचा विवाह कुंतलाधिपतीची कन्या अज्झितभट्टारिका हिच्याशी झाला. ज्या कुंतलाशी वत्सगुल्मच्या विंध्यसेनाने युद्ध केले, त्याच कुंतलाशी नंदिवर्धनने सोयरीक जोडली, ही गोष्ट दोन राज्यांच्या धोरणांतील अंतर दाखवण्यास पुरेशी आहे.

नरेंद्रसेन आणि त्याचा पुत्र दुसरा पृथिवीषेण यांच्या काळाविषयी सर्वाधिक वाद आहे. बालाघाट ताम्रपटात नरेंद्रसेनाने कुळाची लक्ष्मी हरण केल्याचे म्हटले आहे, पण ती कोणाकडून, याचा उलगडा तेथील शब्दांच्या वाचनावर अवलंबून आहे. एक पक्ष सख्ख्या भावाशी झालेला वारसाकलह सुचवतो, दुसरा चुलत शाखेकडे बोट दाखवतो. भाऊ मानणारा पक्ष अधिक सरळ वाटतो. पृथिवीषेण स्वतःस दोनदा बुडालेल्या वंशाचा उद्धारकर्ता म्हणवतो. पहिली आपत्ती नळ घराण्याच्या स्वारीची असावी, कारण नळ राजा भवदत्तवर्म्याचा रिद्धपूर येथे सापडलेला ताम्रपट खुद्द नंदिवर्धनहून दिलेला आहे. दुसरी आपत्ती वत्सगुल्मच्या हरिषेणाने आणली, हे मत संभवनीय असले तरी सिद्ध नाही.

याच सुमारास धाकट्या शाखेत देवसेन राज्य करीत होता. वाशीमनजीक हिस्से-बोराळा येथील त्याच्या काळचा सुदर्शन तलावाचा शिलालेख शक 380 (इ.स. 457–58) चा आहे आणि वाकाटक कालगणनेला तोच एक पक्का खुंटा मिळतो. इतर लेखांत केवळ राजवर्षे आहेत, म्हणून दोन्हीकडील राजांचे समकालीनत्व या एका वर्षावरून मागेपुढे मोजावे लागते. देवसेनाने राज्यभार हस्तिभोज या मंत्र्यावर सोपवला होता. देवसेनाचा पुत्र हरिषेण याच्या संदर्भात अजिंठ्याचा लेख कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट व आंध्र हे देश मोजतो. त्या यादीत नंदिवर्धन नाही. ते आधीच खालसा झाले होते म्हणून नाही, की आप्तांचे राज्य जिंकल्याचा उच्चार टाळला म्हणून नाही, याचा निर्णय सध्याच्या पुराव्यावर करता येत नाही. पूर्वेकडील कोसल व कलिंगाकडे जाणारी वाट मात्र पूर्व विदर्भातून जाते, हे ध्यानात घेता विलीनीकरणाचे मत अधिक सयुक्तिक ठरते.

हरिषेणानंतर कोणत्याही शाखेच्या राजाचा लेख मिळालेला नाही. आंध्रातील विष्णुकुंडी राजा पहिला विक्रमेंद्रवर्मा हा मातृकुळाने वाकाटक होता, असे त्या घराण्याचे लेख सांगतात. ती राजकन्या कोणत्या शाखेची होती, याचा उल्लेख त्यांत नाही.