सेरोटोनिन, औषधे आणि रक्ताभिसरण

सेरोटोनिन हे शरीरातले संदेशवाहक रसायन. ते म्हटले की मन आणि मेंदू आठवतो. पण ते हाती लागले रक्तात. गोठलेल्या रक्ताच्या निवळीत, म्हणजे सीरममध्ये, रक्तवाहिन्या आकसवणारे काहीतरी असते, हे आधीपासून ठाऊक होते. १९४८ मध्ये क्लीव्हलंड येथे मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि अर्विन पेज यांनी ते गुरांच्या सीरममधून वेगळे केले. नावातला ‘सेरो’ त्या सीरमचाच.

शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्याच्या अस्तरात असते. तिथून रक्तात उतरलेले सेरोटोनिन प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी) टिपून घेतात आणि जखमेपाशी सोडतात. पुढे काय होणार, हे वाहिनीच्या आतल्या अस्तरावर ठरते. अस्तर निरोगी असेल, तर ते नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि वाहिनी सैलावते. ते खराब झाले असेल, तर तेच सेरोटोनिन वाहिनी आवळते. मायग्रेनवरची, सेरोटोनिनसारखे काम करणारी ट्रिप्टान औषधे हृदयाच्या धमन्याही थोड्या आकसवतात. म्हणून या धमन्यांचे (कोरोनरी) विकार असलेल्यांना ती देत नाहीत.

नैराश्यावरची एसएसआरआय औषधे सेरोटोनिनला प्लेटलेटमध्ये शिरू देत नाहीत. त्यामुळे, विशेषतः जोडीला अ‍ॅस्पिरिन असेल तर, रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यांपैकी सिटॅलोप्रॅम जास्त मात्रेत हृदयाची विद्युत लयही बिघडवू शकते.

सेरोटोनिन आणि रक्ताभिसरण यांच्या नात्याचा सर्वांत बोलका पुरावा हृदयाच्या झडपांचा. त्यांतल्या पेशींवर ५-एचटी२बी नावाचे, सेरोटोनिनचा संदेश घेणारे ग्राही (रिसेप्टर) असतात. ते सतत चेतवले गेले की पेशी वाढतात, झडपेच्या पाकळ्यांवर पांढरट तंतुमय थर चढतो, त्या ताठरतात, नीट मिटत नाहीत आणि रक्त मागे गळते. आतड्यातली कार्सिनॉइड ही सेरोटोनिन बनवणारी गाठ यकृतात पसरली की तिचे सेरोटोनिन थेट उजव्या हृदयात येते आणि तिथल्या झडपा बिघडतात. डावी बाजू बहुधा वाचते, कारण वाटेतली फुप्फुसे ते नष्ट करतात. वजन घटवणाऱ्या फेनफ्लुरामाइनपासून शरीरात बनणारा घटक हाच ग्राही चेतवतो, पण फुप्फुसांत अडत नाही. त्यात डाव्या झडपाही सापडल्या. अमेरिकेत १९९७ मध्ये ते मागे घेतले गेले. त्याच कारणाने २००७ मध्ये पार्किन्सनवरचे पर्गोलाइडही.

२०२० मध्ये मात्र ड्राव्हे सिंड्रोम या मुलांमधल्या कठीण अपस्मारासाठी फेनफ्लुरामाइनला अमेरिकेत पुन्हा परवानगी मिळाली. मात्रा कमी ठेवायची आणि इकोने (हृदयाच्या सोनोग्राफीने) झडपा तपासत राहायच्या, अशी अट त्या वेळी घातली गेली.