'जीजी' कुणाची, ऑड्रीची की लेस्लीची?

'जीजी' सिनेमाचा फोटो दिसला की खाली कुणीतरी लिहितंच, ऑड्री हेपबर्न काय गोड दिसतेय. अहो ती ऑड्री नाहीये, ती फ्रेंच नटी लेस्ली कॅरॉन! इतक्या ठिकाणी सांगून झालंय, आता एकदा सविस्तर लिहिते.

ऑड्री सगळ्यांना पाठ आहे, तिच्यावर वेळ घालवत नाही. दोघी दिसायला नाजूक, टपोऱ्या डोळ्यांच्या, लहानपण युद्धात गेलेलं, दोघी बॅले शिकलेल्या, दोघी हॉलिवूडचा नाचणारा हिरो फ्रेड अस्टेअरच्या हिरॉइन झालेल्या, तेव्हा चेहऱ्यात गोंधळ होतो ते समजू शकते.

पण खरी गंमत 'जीजी'चीच आहे, कारण ऑड्री जीजी (म्हणजे कथेची नायिका) होती हे खोटं नाहीये. कोलेत या फ्रेंच लेखिकेच्या 'जीजी' कथेवरून नाटक झालं, १९५१ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं, आणि त्यात जीजी ऑड्रीच होती, खुद्द कोलेतने तिला मोंटे कार्लोत शूटिंग करताना बघितलं आणि हीच माझी जीजी म्हणून ठरवून टाकलं. ते साधं गद्य नाटक होतं, गाण्यांचं नाही. गाण्यांचा सिनेमा आला थेट १९५८ ला, दिग्दर्शक व्हिन्सेंट मिनेली, ९ ऑस्कर, आणि त्यातली जीजी लेस्ली, जिने त्याआधी लंडनला स्टेजवरही हा रोल केला होता. म्हणजे नाटक ब्रॉडवेचं असेल तर ऑड्री, सिनेमा असेल तर लेस्ली. सिनेमात गाण्याचा आवाज मात्र लेस्लीचा नाही, तो गायिका बेटी वँडचा.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते लेस्लीला 'ऑड्रीसारखी' म्हणणं. ऑड्रीचा 'रोमन हॉलिडे' १९५३ चा, लेस्लीचा 'ॲन अमेरिकन इन पॅरिस' १९५१ चा, मग कोण कुणासारखं? आणि ऑड्री बॅले सोडून ॲक्टिंगकडे वळली, लेस्ली मुळातच डान्सर, फ्रेंच नृत्यदिग्दर्शक रोलाँ पेतीच्या बॅले कंपनीत नाचायची, 'अमेरिकन इन पॅरिस'चा हिरो जीन केलीने तिला पॅरिसमध्ये स्टेजवर बघितलं आणि हॉलिवूडला नेलं. 'जीजी'त तिला नाचायला फारसं मिळतच नाही, म्हणून फक्त तोच सिनेमा बघितलेल्यांना ती खरी कळतच नाही असं माझं ठाम मत आहे. त्यांनी 'अमेरिकन इन पॅरिस'चा शेवटचा बॅले बघा, जवळपास १७ मिनिटं एकही डायलॉग नाही, नुसता नाच.