खाऱ्या जमिनीत भात तग कसा धरतो?

भात पाण्यात उभा राहून वाढतो, पण मीठ त्याला सोसत नाही. मातीच्या अर्कातून वीज किती सहज वाहते यावरून जमिनीचा खारटपणा मोजतात आणि तो डेसीसायमन प्रति मीटर या एककात सांगतात. हा आकडा ४ च्या वर गेला की जमीन क्षारयुक्त समजली जाते. भाताचे उत्पादन मात्र ३ च्या पुढेच घटायला लागते, आणि नंतरच्या प्रत्येक एककामागे साधारण १२ टक्के कमी होते. गहू ६ पर्यंत, तर बार्ली ८ पर्यंत तक्रार करत नाही.

तरीही पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात आणि गोव्याच्या खाजणांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनींत, पिढ्यान्‌पिढ्या भात पिकतो आहे. बांध घालायचा, उघाडीने, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दाराने, भरतीचे पाणी अडवायचे, पहिल्या पावसांनी मीठ धुऊन जाऊ द्यायचे आणि मग लावणी करायची, ही माणसाची बाजू. काळा राता, भुरा राता, कोरगुट हे खार सोसणारे जुने वाण, ही बियाण्याची बाजू. या वाणांत असे काय आहे याचे उत्तर बऱ्याच अंशी वनस्पतींच्या संप्रेरकांमध्ये, म्हणजे रोपाच्या आत संदेश पोचवणाऱ्या रसायनांमध्ये, सापडते. मीठ बाहेर ठेवणारी काही जनुके असतातच; पण वाढ कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची, याचा निर्णय संप्रेरके घेतात. खारात टिकणे म्हणजे मुख्यतः वेळेवर थांबणे, असे माझे मत आहे.

मीठ रोपाला दोनदा मारते. पहिला फटका काही मिनिटांतच बसतो. मुळांभोवती क्षार वाढले की पाणी समोर असूनही मुळाला ते ओढता येत नाही. म्हणजे चिखलात उभे राहून रोप तहानलेले असते. दुसरा फटका सावकाश, काही दिवसांनी येतो. मिठातले सोडियम पानांत साठत जाते, जुन्या पानांचे शेंडे आधी पिवळे पडतात, मग करपतात.

पहिल्या फटक्याला उत्तर देते अॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक. ताण जाणवताच मुळांत आणि पानांत त्याचे प्रमाण वाढते. पेशीत एरवी एक प्रथिन दुसऱ्याला दाबून ठेवत असते. अॅब्सिसिक आम्ल आपल्या ग्राहक प्रथिनाला चिकटले की ही जोडी त्या दाबणाऱ्यालाच पकडते आणि दबलेले प्रथिन मोकळे होते. ते पर्णरंध्राच्या, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्राच्या, रक्षक पेशींमधल्या वाहिन्या उघडते, आयन (विद्युतभारित कण) बाहेर पडतात, त्यांच्यामागून पाणी जाते, पेशी सैल पडतात आणि रंध्र मिटते. हे ग्राहक प्रथिन सापडले २००९ साली. संप्रेरकाची ओळख मात्र १९६० च्या दशकापासूनची होती. म्हणजे किल्ली हातात होती, कुलूप शोधायला चाळीसेक वर्षे गेली.

रंध्रे मिटल्याचा फायदा दुहेरी. पाणी वाचते, आणि पाण्याच्या ओढीबरोबर वर चढणारे सोडियमही कमी होते. किंमतही आहे: कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, अन्न तयार होत नाही. रंध्रे फार काळ मिटलेली राहिली तर रोप जगते, पण लोंबीत दाणे भरत नाहीत.

दुसऱ्या फटक्यावर तोडगा प्रामुख्याने वाहतुकीचा. बंगालच्या नोना बोकरा या वाणात, मुळाकडून वर जाणाऱ्या रसातून सोडियम परत काढून घेणारे एक प्रथिन २००५ साली ओळखले गेले. केरळच्या पोक्कालीचा खार सोसण्याचा गुण ज्या जनुकीय भागाशी जोडला जातो, तोही पहिल्या गुणसूत्रावर त्याच परिसरात येतो.

आता जिबरेलिन, रोपाची उंची वाढवणारे संप्रेरक. त्याचा शोध भाताच्याच रोगातून लागला. तैवानमध्ये काम करणाऱ्या कुरोसावा यांनी १९२६ साली दाखवले की बुरशी लागलेली रोपे उंच, बारीक होऊन कोलमडतात, ती बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे. नाशिक-सांगलीचे द्राक्षबागायतदार ज्याला 'जीए' म्हणतात आणि ज्यात घड बुडवतात, ते हेच. खारात रोप जिबरेलिन कमी करते, मुद्दाम खुजे राहते. जिबरेलिन मोडून टाकणारे जनुक जास्त कामाला लावलेली भातरोपे प्रयोगात खारापुढे अधिक टिकली. मात्र कोरगुट, पोक्काली ही जुनी वाणे उंच वाढणारी. वाढत्या अंगात सोडियम पातळ होऊन जाते, असा त्यांचा दुसरा मार्ग आहे. भाताला एकच युक्ती माहीत आहे असे समजू नये.

इथिलीन या वायुरूप संप्रेरकाचे प्रकरण तर चक्रावणारे आहे. मोहरीच्या कुळातल्या अॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या रोपट्यात इथिलीन खार सोसायला मदत करते. भातात उलट: इथिलीनचा संदेश पुढे नेणारी दोन प्रथिने मुळांत सोडियम आत घेणारे जनुक जागे करतात, आणि त्यांना दाबले तर भात जास्त तग धरतो. एका रोपट्यावरचे निष्कर्ष दुसऱ्या पिकावर सरसकट लावण्याची घाई किती महाग पडेल, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मीठ सोडून विषारी धातूंकडे वळलो तरी तोच खेळ दिसतो. जपानच्या तोयामा भागात जिंझू नदीच्या पाण्यातले खाणींचे कॅडमियम भातात उतरले आणि हाडे ठिसूळ करणारा इताइ-इताइ रोग झाला. १९६८ साली सरकारने हे कारण मान्य केले. २००३ साली तैवानमधल्या संशोधकांनी दोन वाणांची रोपे कॅडमियमच्या द्रावणात ठेवली. तायनुंग ६७ च्या पानांत अॅब्सिसिक आम्ल झपाट्याने वाढले, बाष्पोत्सर्जन (पानांतून वाफ होऊन जाणारे पाणी) घटले, रोप टिकले. तायचुंग नेटिव्ह १ मध्ये ते वाढले नाही आणि रोप पिवळे पडले. त्याला बाहेरून अॅब्सिसिक आम्ल दिले तेव्हा त्याच्या पानांतले कॅडमियम कमी झाले. उलट तायनुंगला हे संप्रेरक तयार करू दिले नाही, तर त्याचा टिकाऊपणा गेला. हे तायचुंग नेटिव्ह १ आपल्याला परके नाही. १९६८ साली आलेल्या 'जया' वाणाचा तो एक पालक.

मग अशा संप्रेरकाची फवारणी करून भागेल का? अॅब्सिसिक आम्ल उन्हात टिकत नाही, आणि कुंडीतल्या रोपावर जमलेले शेतात जमतेच असे नाही. शिवाय वेळेचा प्रश्न: भात मोड येताना आणि फुटवे फुटताना खार बराच सोसतो, कोवळ्या रोपाच्या आणि फुलोऱ्याच्या काळात अजिबात नाही. पावसाने मीठ धुतल्यावरही रोपाला थांबायलाच सांगत राहिलो, तर दाणे घटणार. म्हणून पैदासकारांचा भर वाणावर राहिला आहे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातून पनवेल-१, २, ३ आली, आणि कोरगुटमधून निवड करत गोवा धान १ व २ तयार झाली.